परिवीक्षेवरील व्यक्तीची फाइल पाहता येते का?

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर घ्यायच्या तरुणाला चोरीच्या खटल्यात परिवीक्षेवर (म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर) सोडले होते, असे कळते. त्याची फाइल माहिती अधिकारात मिळेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : न्यायालयाच्या निकालाची नक्कल अर्ज करून मागता येते, परंतु घरची परिस्थिती, स्वभाव, शेजाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी ज्यात नोंदलेल्या असतात, तो परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ७ नुसार गोपनीय असून, त्याचा सारांश खुद्द अपराध्यालाही न्यायालयाला योग्य वाटले तरच कळवला जातो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्येही वैयक्तिक माहितीला अपवाद आहे. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण असा अहवाल बाजारात फिरू लागला तर शेजारी खरे बोलणार नाहीत. आपण त्या तरुणालाच समोर बसवून विचारावे.