बाबांचा उजवा हात आणि पाय चार दिवसांपासून आपोआप वळवळतो. हा कंपवात आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: वय ६७, जुना मधुमेह, एकाच बाजूचा हातपाय अचानक वळवळू लागला, गाढ झोपेत थांबतो, शुद्ध पूर्ण आहे. आणि नेटवर वाचून तुम्हाला हंटिंग्टनची, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराची, धास्ती बसली आहे.

कंपवात वाटत नाही. वर्णन कोरियाचं वाटतं, म्हणजे आपोआप, वेडीवाकडी होणारी हालचाल. कंपाला ताल असतो, तोच हात त्याच लयीत हलत राहतो. कोरियात ताल नसतो. आता बोटं, मग मनगट, मग खांदा, पुढची हालचाल कुठे होईल सांगता येत नाही. पुष्कळदा रुग्ण ती झाकतो: हात उडाला की केसांवरून फिरवल्यासारखं करतो, म्हणून सुरुवातीला घरच्यांना नुसती चुळबुळ वाटते. अवयव पिळून तसाच धरला जात असेल तर तो डिस्टोनिया. टिक (डोळा मिचकावण्यासारखी पुन्हा पुन्हा होणारी झटक्याची हालचाल) थोडा वेळ दाबून धरता येते, कोरिया सहसा नाही. आणि खांद्यापासून हात जोरात भिरकावला जात असेल तर तो बॅलिझम, कोरियाचंच आडदांड रूप.

कोरिया हा आजार नव्हे, लक्षण आहे. मेंदूच्या खोल भागातली बेसल गँग्लिया नको त्या हालचालींना लगाम घालतात. तो लगाम कशाने सुटला, हे शोधायचं. त्यासाठी माझ्या मते सगळ्यात मोठा धागा म्हणजे सुरुवात कशी झाली. हंटिंग्टन दबक्या पावलांनी, वर्षानुवर्षं वाढत येतो आणि सहसा दोन्ही बाजूंना दिसतो. चार दिवसांत एकाच बाजूला उगवलेल्या कोरियात आधी दोनच गोष्टी बघायच्या: रक्तातली साखर आणि पक्षाघात.

म्हणून अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आजच साखर तपासा आणि मेंदूचा स्कॅन होईल अशा रुग्णालयात न्या. साखर फार वाढलेली असली, की लघवीत कीटोन (चरबी जळताना बनणारं रसायन) नसतानाही असा कोरिया होतो. तेव्हा विरुद्ध बाजूचा, म्हणजे तुमच्या बाबांचा डावा, प्युटामेन (बेसल गँग्लियाचाच एक भाग) सीटीत पांढुरका आणि एमआरआयच्या टी-१ चित्रांत उजळ दिसतो. सीटीत हा पांढरेपणा रक्तस्राव समजला जाण्याची चूक होते, तेव्हा साखरेचा आकडा रेडिऑलॉजिस्टला सांगाच. एचबीए१सी ही मागच्या काळातली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणीसुद्धा करा: आजची साखर ठीक दिसली तरी आधीचे काही आठवडे ती चढलेली असू शकते. साखर ताब्यात आली की बहुतेकांचा कोरिया दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, काहींचा रेंगाळतो. तोवर टेट्राबेनाझिनसारखं औषध देतात, पण त्याने नैराश्य येऊ शकतं, तेव्हा मनःस्थितीवर लक्ष हवं.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, उलटीची औषधंही. मेटोक्लोप्रमाइड बरेच महिने घेतलं तर जीभ-ओठांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात, आणि मधुमेहात पोट हळू रिकामं होतं म्हणून ते दिलं जातं. मानसिक आजारावरच्या काही औषधांचंही तसंच. मात्र कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. थायरॉइडची तपासणीही मागा.

निघण्याआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. आधी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेले, मग हात पुढे ताणलेले, मग जीभ दहा सेकंद बाहेर (कोरियात ती सटकून आत जाते), शंभरातून सात-सात वजा करताना आणि शेवटी आधार देऊन चालताना. आकडेमोडीत हालचाल वाढते, तपासणीच्या खोलीत कधी कधी नेमकी दबते.

हात दाबून किंवा बांधून ठेवू नका. पलंगाच्या कडांना उशा लावा. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टर पाहीपर्यंत तोंडाने काही देऊ नका. चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा गुंगी आली तर थेट अँब्युलन्स बोलवा.

हंटिंग्टनचं म्हणाल, तर त्याचा जनुक १९९३ साली सापडला. रक्तचाचणीत सीएजी या अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा जास्त असेल तर निदान पक्कं, ३६ ते ३९ मध्ये आजार होईलच असं नाही. पण ही चाचणी आज नको. साखर, स्कॅन आणि औषधांतून कारण सापडलं नाही, तरच तो विषय काढा, आणि तोही समुपदेशनानंतर, कारण तो निकाल तुमच्याबद्दलही बोलतो: पालकाला असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता.