फिलिपिनो मिठायांतला जांभळा ‘उबे’ म्हणजे जांभळं रताळंच का?

नाही. उबे हा वेलीवरचा कंद आहे, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा. म्हणजे आपलं कोनफळच! कोकणात उपासाला उकडून खातात, उंधियूत घालतात, तेच. रताळ्याचं कूळ वेगळं, अळकुडीचंही वेगळं. मात्र कोनफळाच्या सगळ्याच जाती आतून गडद जांभळ्या नसतात, त्यामुळे घेताना एक कापून बघा.

तिकडे सगळ्याचा पाया म्हणजे उबे हलाया. कंद उकडून, किसून, नारळाचं किंवा आटवलेलं दूध, साखर आणि लोणी घालून मंद आचेवर घोटत राहायचं. मिश्रण कडेने सुटून गोळा होईपर्यंत हात थांबवायचा नाही, अगदी हलव्यासारखं. हाच हलाया मग हालो-हालोवर (बर्फाचा चुरा, पाकातली गोड कडधान्यं, जेली आणि दूध) चमचाभर येतो, केकच्या थरांत जातो, पावात भरला जातो. बोहोल बेटावरची किनाम्पाय जात सुवासासाठी विशेष नावाजलेली आहे.

चव सौम्य, किंचित व्हॅनिला आणि सुक्या मेव्याकडे झुकणारी. बाजारातल्या भडक जांभळ्या आइस्क्रीमवरून तिची परीक्षा करू नका, त्यात बरेचदा इसेन्स आणि रंगच जास्त असतो. कंदाचा स्वतःचा रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्यामुळे येतो. लिंबू पडलं तर तो गुलाबीकडे जातो, खाण्याचा सोडा पडला तर निळसर-हिरवट होतो, म्हणून केक करताना सोडा जपून घाला.

कच्चा मात्र खाऊ नका. सोलताना हातही खाजतात, तेल लावून घ्या.