जुन्या गाडीचा सेल्फ नुसता कटकट करतो, नवीन बॅटरीही उतरते, सिग्नलला इंजिन तापतं: घरी काय तपासता येईल?

तुमच्या तीन तक्रारी आहेत. १५ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सकाळी नुसता कटकट करतो. बॅटरी नवीन घालूनही गाडी आठवडाभर उभी राहिली की उतरते. आणि सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा चढतो, रस्ता मोकळा मिळाला की पुन्हा खाली येतो. तिन्ही दोष घरी शोधता येतात. साधा डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १३ नंबरचे पाने, तारेचा ब्रश आणि जंपर केबलची जोडी एवढं पुरतं. तोवर एकही पार्ट विकत आणू नका.

एवढ्या जुन्या गाडीत विजेचा घोळ पार्टपेक्षा जोडणीत जास्त वेळा सापडतो, आणि सगळं बंद असताना तो मीटरवर दिसत नाही. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढला जातो. अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीचा निगेटिव्ह, बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी जाड तार) ०.०१ ओम इतका रोध वाढला, तर १५० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट खर्च होतो. घरगुती मीटर ओमवर लावून एवढा बारीक रोध कळतच नाही. तार चांगली आहे असंच तो सांगेल. म्हणून जे मोजायचं ते भार चालू असताना मोजायचं.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून वाचा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. नाहीतर पुढची एकही चाचणी खरी येणार नाही. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी फुगवून आकडा दाखवते. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

आता फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण स्टार्ट होणार नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती. सेल्फची मोटर फार लवकर तापते.

पहिलं वाचन बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर घ्या. इथे प्रोब टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवायचा. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्येच तर गंज बसतो. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. चार्ज असूनही ते ८ किंवा ७ वर कोसळत असेल तर बॅटरी गेली आहे, किंवा क्वचित सेल्फ अडकून जास्त करंट खात आहे.

दुसरं वाचन अर्थिंगचं. काळा प्रोब निगेटिव्ह खुंटीवर, लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेल नसलेल्या जागी. सेल्फ मारला की आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. १ व्होल्ट दिसला तर इंजिन ते बॉडी किंवा बॉडी ते बॅटरी ही पट्टी खराब आहे. तिसरं वाचन पॉझिटिव्ह बाजूचं: लाल प्रोब पॉझिटिव्ह खुंटीवर, काळा सेल्फच्या त्या जाड बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.

सेल्फ मारायला दुसरा माणूस नसेल तर अर्थिंगची एक झटपट परीक्षा आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या जाड धातूला लावा आणि सेल्फ मारा. जो सेल्फ कटकट करत होता तो खणखणीत फिरला तर दोष सापडला. पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि बॉडीवरची बसायची जागा धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील, टोकाशी तुटल्या असतील तर पट्टीच बदला.

टर्मिनलवरची पांढरी-निळी बुरशी काढताना आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना तो शेवटी जोडा. उलटं केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ते ब्रशने लावा, फेस शमला की साध्या पाण्याने धुवा. बॅटरीच्या बुचांतून सोडा आत जाऊ देऊ नका. आतलं आम्ल त्याने मारलं जातं.

आवाजावरूनही बरंच कळतं. भराभर कटकट म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय, बॅटरी किंवा जोडणी. एकच जोरात ‘ठक्’ आणि पुढे शांतता, दिवेही फारसे मंद होत नाहीत: सोलेनॉइडचे (सेल्फच्या मोटरला करंट जोडून देणारा स्विच) आतले कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे ब्रश झिजलेत. काहीच आवाज नाही तर सेल्फ मारताना सोलेनॉइडच्या बारीक तारेवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर इग्निशन स्विच, रिले किंवा क्लच/न्यूट्रल स्विच. तुमचं लक्षण पहिल्या प्रकारचं आहे, त्यामुळे सेल्फ खोलायची घाई नको.

आता बॅटरी का उतरते. आधी चार्जिंग होतंय का ते बघू. इंजिन चालू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, साधारण २००० आरपीएमला बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, तो नवी बॅटरीही उकळून संपवेल. १३.३ च्या खाली असेल तर बेल्टचा ताण आणि अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जाड तार बघा: त्या तारेचा बोल्ट ते बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी, इंजिन चालू असताना, फरक ०.३ व्होल्टच्या आत. मग मीटर एसी व्होल्टवर करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटला आहे, आणि असा डायोड गाडी बंद असतानाही बॅटरी पिऊ शकतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. किल्ली ऑन केल्यावर तो दिवा लागतच नसेल, तर तो बल्ब बदलून बघा.

चार्जिंग ठीक असेल तर गाडी उभी असताना करंट कुठेतरी गळतोय. बोनेट उघडं ठेवा, डिकी आणि दारं बंद; दार उघडं ठेवावंच लागलं तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा म्हणजे आतला दिवा विझेल. किल्ली काढलेली. मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि मीटर टर्मिनल आणि खुंटी यांच्या मध्ये जोडा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतली कंट्रोल युनिटं झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसत असेल तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण सहा दिवसांत पार रिकामी होते. तुमच्या ‘आठवडाभर उभी राहिली की’ याच्याशी हे जुळतं.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन उतरेल, त्या सर्किटवर गळती आहे. आधी संशय घ्यायचा तो बाहेरून बसवलेल्या गोष्टींवर: म्युझिक सिस्टिमची किल्लीवर चालायला हवी ती तार कायम करंटला जोडलेली, अलार्म, लाइटचा जादा रिले. डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा विझतो का हे मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवून बघता येतं. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच असेल तर बॅटरी सोडून अल्टरनेटरची जाड तार काढा, तिचं टोक टेपने झाका, मीटर पुन्हा लावा. आकडा उतरला तर डायोड.

राहिला तापमानाचा काटा. थांबल्यावर चढतो आणि वेगात उतरतो, म्हणजे वेगात वाऱ्याने होतं ते काम थांबल्यावर फॅनने करायला हवं, आणि तो करत नाही. उलट मोकळ्या रस्त्यावर काटा चढत असता तर मी चोंदलेल्या रेडिएटरकडे, थर्मोस्टॅटकडे (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) किंवा वॉटर पंपाकडे बोट दाखवलं असतं. थर्मोस्टॅट थोडक्यात: काढून पातेल्यात पाण्यात लटकवा, पाणी तापवत न्या, त्यावर छापलेल्या तापमानाला, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे.

फॅनसाठी इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतो. फिरला, पण नुसत्या गरमीने फिरत नाही, तर दोष तापमानाच्या स्विचमध्ये किंवा सेन्सरमध्ये. दोन तारांचा साधा स्विच रेडिएटरवर असेल तर किल्ली ऑन ठेवून त्याचा कनेक्टर काढा आणि दोन तारा आपापसात जोडा. फॅन सुरू झाला तर स्विच बदला. कंट्रोल युनिटवर चालणाऱ्या फॅनला हा प्रयोग करू नका. तिथे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सेन्सरचा कनेक्टर काढला की बऱ्याच गाड्यांत फॅन आपोआप सुरू होतो. एसीनेही फॅन हलत नसेल तर फ्यूज, मग रिले: त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे घालून बघा.

फॅन फिरतो पण मरगळलेला, हे जास्त फसवं. तो फिरत असताना त्याच्या कनेक्टरवर मागच्या बाजूने प्रोब घालून व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी येत असेल तर पुन्हा तीच गोष्ट, अर्थिंग किंवा जळकट कनेक्टर. तुमच्या गाडीत सेल्फची आणि फॅनची अर्थिंग एकाच पट्टीवरून जात असण्याची शक्यता चांगलीच आहे, म्हणून अर्थिंगचं काम आधी करा. व्होल्टेज पूर्ण येऊनही फॅन मंद असेल तर मोटरचे ब्रश संपलेत. फॅनजवळ हात घालताना त्याचा कनेक्टर काढलेला असू द्या. काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही सुरू होतो.

फॅन चांगला निघाला तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्चचा उजेड टाका. धूळ आणि पानांची गादी तिथे साचते आणि समोरून दिसत नाही. मग रेडिएटरचं झाकण. ते साधारण १ बार दाब धरतं आणि त्यामुळेच कूलंट १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, चिरलं की दाब सुटतो आणि कूलंट हळूहळू गायब होतं. झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. कूलंट निम्मं आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असं भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं तोंड चढाला करून, इंजिन चालवत हवा काढा. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका, ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल तर हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसती थोडी पिवळट साय मात्र छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ओलाव्यानेही येते, तिला घाबरू नका. गॅसकेट खरंच गेलं असेल तर गाडी टो करून गॅरेजला न्या. हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेण्याचं काम घरच्या पान्यांनी होत नाही.