मांजराचे ठोके चुकतात तेव्हा

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या बोक्याचे ठोके अनियमित असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. भुसावळच्या उन्हाळ्यामुळे असे होते का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : केवळ उन्हामुळे लय बिघडली असे मानून थांबू नये. तपासणीच्या टेबलावर घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला २०० पर्यंत सहज जातात. मात्र ते वेगवान असणे आणि अनियमित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मांजरांत अनियमिततेमागे बहुधा हृदयाचाच आजार असतो, विशेषतः स्नायूची भिंत जाड होण्याचा; उतारवयात थायरॉईडची अतिक्रियाही कारण ठरते. म्हणून ईसीजीबरोबर हृदयाची सोनोग्राफी, रक्तदाब आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

घरी तो गाढ झोपलेला असताना छातीचे वर-खाली होणे मिनिटभर मोजावे. श्वास सातत्याने ३० च्या वर जात असतील तर डॉक्टरांना कळवावे. तोंड उघडून धापा टाकणे, शुद्ध हरपणे, किंवा मागचे पाय अचानक लुळे व थंड पडून तो कळवळणे (रक्ताची गुठळी अडकल्याने असे होते) यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. आजोबांच्या डब्यातली हृदयाची गोळी मात्र त्याला कदापि देऊ नये.