अडथळा खरा हवा : प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखिकेला वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात संपादकांनी आवाहन केलं होतं की प्रेमकथांबद्दल, लिहिण्याबद्दल जे काही विचारायचंय ते बिनधास्त विचारा. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून भरपूर प्रश्न आले, सारखे होते ते एकत्र केलेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

ताई, नोकरी आणि घर सांभाळून लिहायला वेळ कधी मिळतो? आणि सुचतं कुठून? (एक गृहिणी, कराड)

मी पतसंस्थेत काम करते त्यामुळे मार्च एंडिंगला लिखाण पूर्ण बंद असतं, बाकी वर्षभर पहाटे घर उठायच्या आधी बसते. संवाद मात्र मी टाइप करत नाही, मोबाईलवर बोलून घेते, कारण बोलताना वाक्य तोंडात अडकलं की लगेच कळतं की असं कुणी बोलत नाही. बार्बरा कार्टलंड ही इंग्रजीतली प्रेमकथांची लेखिका सोफ्यावर पडून सेक्रेटरीला कादंबऱ्या सांगायची, सातशेच्या वर पुस्तकं झाली तिची. तेवढा वेग मला नकोय, पण तोंडाने लिहायची पद्धत खूप कामाची आहे.

सुचतं ते काउंटरवर. ठेवीच्या फॉर्मवर वारसाचं नाव आणि त्यापुढे 'नाते' असा रकाना असतो. तो रोज बघून बघून मला एक नायक सापडला, तिशीचा, घरी कुणाला सांगितलेलं नाही, तो तिचं नाव व्यवस्थित लिहितो आणि नात्याच्या रकान्यापाशी थांबतो. 'मैत्रीण' लिहितो, खोडतो, मागच्या रांगेतला माणूस म्हणतो अहो आवरा की, मग हा तो रकाना तसाच रिकामा ठेवून फॉर्म आत सरकवतो आणि आतली बाई फॉर्म परत करते, म्हणते, साहेब हे भरावं लागेल. पूर्ण कादंबरी त्या एका फॉर्मवर उभी राहिली.

प्रेमकथा म्हणजे टाइमपास. तुमची भाषा चांगली आहे, सीरियस कधी लिहिणार? (निवृत्त शिक्षक, जळगाव)

सर, मी सीरियसच लिहितेय. माणूस कुणाबरोबर आयुष्य काढणार हा प्रश्न घराघरात भांडणं लावतो, लोकांचं बोलणं बंद होतं, काही ठिकाणी जीव जातात, याच्यावर लिहिणं हलकं कसं काय? ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायचे, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९६२ ला पद्मभूषण मिळालं. फडके म्हणायचे कलेसाठी कला, कादंबरीकार वि. स. खांडेकर म्हणायचे जीवनासाठी कला, हा त्यांचा वाद तुम्ही वर्गात शिकवलाही असेल. मला फडक्यांची बांधणी फार आवडते, प्रकरण कुठे तोडायचं हे त्यांच्याकडून शिकावं, पण त्यांच्या पात्रांना महिनाअखेरीची काळजी फारशी नसते आणि माझ्या पात्रांना ती पहिल्या पानापासून असते. तेवढ्यापुरती मी खांडेकरांच्या बाजूची.

जवळिकीचे प्रसंग किती उघड लिहायचे? दिवाळी अंकात माझी कथा परत आली. (नवोदित लेखक, पुणे)

लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचं प्रकरण वाचा, तुमच्या गावातलंच आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून २५ रुपये दंड केला. रक्कम बघा, भरून मोकळा झाला असता माणूस. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये सुटले. कोर्टाने जे सांगितलं त्याचा अर्थ असा की नुसता शरीरसंबंधाचा उल्लेख म्हणजे अश्लील धरायचं तर तरुणांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचायला उरतील. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमाही आला. लोकप्रिय लिहिणारा माणूस आपल्या लिखाणासाठी एवढं लढला याचा मला फार अभिमान वाटतो.

आता तुमचा मुद्दा. किती उघड हे प्रसंगावर आहे, पण त्या दोघांमध्ये नंतर काय बदललं हे दिसत नसेल तर तो प्रसंग काढा, मग तो कितीही सोज्वळ असो. मला स्वतःला स्पर्शाच्या आधीचं लिहायला जास्त आवडतं. एका कादंबरीत दोघं कोल्हापूरहून रत्नागिरीच्या एसटीत आहेत, आंबा घाट, पाऊस, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. ती डब्याचं झाकण उघडायला वाकते तेवढ्यात तो उठतो, काही न बोलता तिला आत घेतो आणि स्वतः खिडकीशी बसतो. साखरप्याला गाडी थांबते तेव्हा त्याची एक बाही पूर्ण ओली, दुसरी कोरडी. आधी मी पुढे लिहिलेलं की तिला वाटलं हा किती काळजी घेतो, ते वाक्य काढलं. आता ती फक्त डब्यातली पोळी त्याच्या कोरड्या हातात देते.

तुमच्या प्रत्येक कादंबरीत जात येतेच. प्रेमात जात कशाला आणता? (वाचक, अकोला)

मी आणत नाही हो, ती आधीच तिथे असते. पत्रिका बघताना असते, आडनाव विचारताना असते, भाड्याचं घर शोधताना असते. पूर्वी नायक गरीब नायिका श्रीमंत एवढ्यावर भागायचं आणि शेवटी तो श्रीमंताचाच हरवलेला मुलगा निघायचा, मला तसली पळवाट नको. अडथळा खोटा असला की तो संपल्यावर वाचकाला काहीच वाटत नाही.

जात-धर्म वेगळे असले तरी ज्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं तो विशेष विवाह कायदा १९५४ चा घ्या. विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला हवा, मग ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लागते आणि ३० दिवस हरकतींसाठी वाट बघायची. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर परत पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी ३ साक्षीदार. आता ज्यांनी घरी लपवलंय त्यांचं नाव, पत्ता महिनाभर भिंतीवर, त्याच ऑफिसात कामाला येणारा मामाच्या ओळखीचा कुणी, आणि मित्रांपैकी दोन साक्षीदार तयार पण तिसरा नोकरीच्या भीतीने मागे सरतो. मला व्हिलन लागतच नाही! त्या ३० दिवसांत दोघं एकमेकांना जेवढं ओळखतात तेवढं पाच वर्षांत ओळखलेलं नसतं, कोण घाबरतं, कोण खोटं बोलतं, कोण रात्री फोन उचलत नाही. हे सगळं प्रेमच आहे आणि ते जात वगळून लिहिताच येत नाही.

शेवट नेहमी गोड का? खऱ्या आयुष्यात असं होतं का? (विद्यार्थिनी, नागपूर)

होतं. पुष्कळांचं होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. माझी वाचक दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडते, तिला मी शब्द दिलेला असतो की ही दोघं शेवटी एकत्र असतील, तो मी मोडणार नाही. पण गोड म्हणजे सगळं मिटलं असं नाही. माझ्या एका शेवटी सासरा अजूनही बोलत नाही, फक्त सुनेच्या परीक्षेच्या दिवशी बाईकमध्ये पेट्रोल भरून ठेवतो. मला तेवढं पुरतं.

लिखाणावर घर चालतं का? करारात काय बघायचं? (लेखिका, मडगाव)

माझं नाही चालत, पगारावर चालतं. प्रतिलिपीसारख्या ॲपवर क्रमशः लिहिलं की वाचक पटकन मिळतात, ऑडिओवालेही मराठी घेतात, आणि म्हणूनच करार वाचा बाई. छापील, ई-बुक, ऑडिओ, सिनेमा हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क समोरच्याने वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसेल तर, तो तुमच्याकडे परत येतो. हे खूप जणींना माहीत नसतं आणि त्या 'सर्व हक्क कायमचे' वर सही करून मोकळ्या होतात. तुमच्यानंतर ६० वर्षं मुलाबाळांना त्या लिखाणाचे पैसे येऊ शकतात, एवढं लक्षात ठेवून पेन उचला.

पुढची कादंबरी कशावर? (अनेक वाचक)

अठ्ठावन्न वर्षांची विधवा आणि तिच्या भजनी मंडळातले एक गृहस्थ. मुलं काय म्हणतील हे तर आहेच, पण नवरा सरकारी नोकरीत होता आणि पुन्हा लग्न केलं की फॅमिली पेन्शन सहसा बंद होतं, म्हणजे तिने हातातला स्वतःचा पैसा सोडून परत कुणावर तरी अवलंबून राहायचं. लग्न न करता एकत्र राहावं तर गाव छोटं. तिने काय करावं हे मला अजून ठरवता येत नाहीये, दोन्ही बाजू मला पटतात. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल आणि त्यांची हरकत नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिहून कळवा, विशेषतः पैशाचं कसं जमवलं ते, नावं गावं मी बदलून घेईन.