रांगेत हसतो, गेटपाशी रडतो: छोट्यांची राईडची भीती आणि तुमचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की या विषयावर पत्रं येतातच, यावेळी जरा जास्तच आली म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. लांबलेले प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. थीम पार्कला जायचं म्हटलं की आठवडाभर उड्या मारतो, रांगेतही मजेत असतो, पण आमचा नंबर आला की माझ्या पायाला मिठी मारून रडायला लागतो. मागच्या वेळी ह्यांनी उचलून बसवलंच, म्हणाले एकदा बसला की भीती मोडेल. मोडली तर नाहीच, आता साध्या मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर पण बसायला तयार नाही. आता काय करू? नाद सोडून देऊ का?

उत्तर: नाद सोडू नका, पण ओढून बसवणं मात्र आजपासून बंद. "एकदा बसव, भीती मोडेल" असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो, आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत ते जमूनही जातं म्हणून तर हा सल्ला मरत नाही. पण ज्या पोराने आधीच धसका घेतलाय त्याला उचलून बसवलं की त्याच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या होतात, एक म्हणजे ही राईड खरंच भयंकर आहे, आणि दुसरी म्हणजे मी नाही म्हटलं तरी इथे माझं कोणी ऐकत नाही. मला विचाराल तर दुसरी जास्त वाईट. घोडा त्याला आधी आवडत होता ना? मग आता त्याला घोड्याची भीती वाटत नसणार, तिथे गेल्यावर मोठी माणसं काय करतील याचा भरवसा राहिला नाहीये.

भीती हळूहळू कशी जाते यावरचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. 1924 साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाबद्दल लिहिलं, वय जेमतेम तीन, सशाला जाम घाबरायचा. त्यांनी ससा त्याच्या मांडीवर नाही आणून ठेवला. पिंजऱ्यातला ससा आधी खोलीत लांब, मग थोडा जवळ, मग अजून जवळ, पीटर आपला त्याच्या आवडीचं काहीतरी खात बसलेला, आणि सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही कधी कधी सोबत खेळत असायची. शेवटी हा पठ्ठ्या सशाला हाताने कुरवाळायला लागला. राईडचंही अगदी तसंच करायचंय, म्हणजे अंतर त्याने ठरवायचं आणि तुम्ही फक्त सोबत राहायचं.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, तर पहिल्या वेळी राईडच्या बाहेर कठड्याशी उभे राहा आणि दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा. बसताना मुलांचे चेहरे कसे आहेत आणि उतरताना कसे आहेत ते त्यालाच बघू दे, मोबाईलवर त्याच राईडचा व्हिडिओ आदल्या दिवशी दाखवला असेल तर अजून उत्तम. मग मेरी-गो-राउंडवर घोडा नको, आधी बाक. बऱ्याच ठिकाणी न हलणारे बाक असतात, आणि वर-खाली न होणारे घोडेपण असतात. आतल्या बाजूची रांग बाहेरच्यापेक्षा हळू फिरते हे लक्षात ठेवा, कारण तिला एका फेरीत कमी अंतर कापायचं असतं. तिथून मग खाली-वर होणारा घोडा, मग छोटी ट्रेन, मग हळू फिरणारे कप (त्यात मधलं चाक आपणच फिरवतो, नाही फिरवलं की कप शहाण्यासारखे वागतात). एका दिवसात सगळं व्हायलाच पाहिजे असं काही नाही.

आणि त्याला खोटं सांगू नका हो. "अजिबात जोरात नाही जात" असं सांगून जोरात जाणाऱ्या राईडमध्ये बसवलं की पुढच्या वेळी तुम्ही खरं सांगाल तेव्हाही तो मानणार नाही. त्यापेक्षा असं सांगा की आधी हळू जाते, मग एक वळण येतं तिथे आपण एका बाजूला ढकलले जातो, मग एकदा खाली येते तेव्हा पोटात गोळा येतो, मग थांबते, बस्स. बाहेर उभं असतानाच फेरी सुरू झाली की दोघांनी मिळून आकडे मोजा, किती मोजल्यावर संपते ते त्याला कळलं की आत बसल्यावर तेच आकडे म्हणता येतात. रडणाऱ्या पोराला "ही कधी संपणार" हाच प्रश्न सगळ्यात जास्त छळत असतो.

नाही म्हणायची जागा पण आधीच ठरवून द्या. रांगेत शिरायच्या आधी एकदा विचारायचं, आणि गेटपाशी शेवटचं एकदा. गेटपाशी नाही म्हणाला तर बाहेर, चेहरा वाकडा न करता, आणि एवढा वेळ रांगेत घालवला याचा हिशोब त्याला न ऐकवता. पण बार (मांडीवर येऊन बसणारा दांडा) खाली आल्यावर मध्येच उतरता येत नाही हेही स्पष्ट सांगा. ह्यांना पण हा कॉलम वाचायला द्या.

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची, प्रश्नांची सरबत्ती. रोलर कोस्टर वर चढताना कडकड आवाज येतो तो तुटतंय म्हणून का, गाडी रुळावरून उडाली तर, मध्येच बंद पडली तर. मी म्हणते "काही होत नाही गं", पण तिचं समाधान होत नाही. काय सांगू?

उत्तर: काही होत नाही हे उत्तर नाहीच ना, ती विचारतेय कसं होत नाही. अशा मुलांना माहितीच धीर देते, तेव्हा सरळ मशीन समजावून सांगा.

चेनने वर ओढणाऱ्या रोलर कोस्टरमधला तो कडकड आवाज तुटण्याचा नाही, पकडण्याचा आहे. गाडीच्या खाली एक खटका असतो आणि चढावर दातेरी पट्टी असते, गाडी वर सरकते तसा खटका एकेका दात्यावरून टक टक करत पुढे पडतो. समजा चेन सुटलीच तर तो खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. हे मुलांना इतकं आवडतं की आवाज ऐकून घाबरणारी पोरंच मग "बघ पकडतोय, पकडतोय" म्हणत वर जातात. काही नव्या राईडमध्ये हा आवाज कमी केलेला असतो, तेव्हा आवाज नाही आला म्हणूनही घाबरायचं कारण नाही हेपण सांगून ठेवा, नाहीतर तुमची लेक तेही विचारेल.

रुळावरून उडायचं म्हणाल तर चाकं फक्त वरून टेकलेली नसतात. रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खालून एक अशी तीन तऱ्हेची चाकं रुळाला धरून असतात. खालचं चाक गाडीला वर उचलू देत नाही. जॉन मिलर नावाच्या डिझायनरने या खालच्या चाकांचं पेटंट 1919 मध्ये घेतलं, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. हाताच्या मुठीत पेन्सिल धरून दाखवा, लगेच कळतं.

आणि मध्येच थांबली तर? एकापेक्षा जास्त गाड्या सोडणाऱ्या कोस्टरचा ट्रॅक भागाभागात वाटलेला असतो, एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग रिकामा झालाय हे सिस्टीमला कळलं नाही तर ती मागची गाडी आपोआप अडवते. म्हणजे थांबली याचा अर्थ बहुतेक वेळा बिघडली असा नसून सांभाळून घेतलं असा असतो. आपण काय करायचं, तर बसून राहायचं, बारला हात लावायचा नाही, तिथले लोक गाडी परत सुरू करतात किंवा बाजूच्या जिन्याने येऊन आपल्याला उतरवतात. मोठ्या आकाशपाळण्याचंही सांगून ठेवा, तो वरती थांबतो तेव्हा खाली लोकांची चढउतार चाललेली असते. हे माहीत नसलं की वर टांगलेल्या डब्यात मोठ्या माणसांनाही घाम फुटतो.

फक्त अपघात कधीच होत नाहीत असं वचन देऊ नका. बेल्ट का लावायचा, हात आत का ठेवायचे, उभं का राहायचं नाही, हे नियम कशासाठी आहेत ते सहा वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं.

प्रश्न: मुलगी उंचीच्या पट्टीपेक्षा दोन-तीन सेमीच कमी आहे, आणि अजिबात घाबरत नाही. जाड सोलचे बूट घातले तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. उंचीची अट धिटाईसाठी नसते हो, बार आणि बेल्ट कुठल्या मापाच्या शरीराला नीट धरतो त्यासाठी असते. बुटाने पाय उंच होतात, मांड्या आणि खांदे आहेत तेवढेच राहतात. छोट्यांच्या कोस्टरना साधारण 90 ते 100 सेमी आणि मोठ्या, जोरदार राईडना 120 ते 140 सेमीच्या आसपासची अट बऱ्याच ठिकाणी दिसते, पण प्रत्येक राईडचा आकडा वेगळा असतो. म्हणून घरीच भिंतीशी उभं करून माप घ्या आणि कुठल्या राईड तिच्या आहेत ते निघायच्या आधीच ठरवा, गेटवर परत पाठवलं की होणारी रडारड तेवढी वाचते.

अजून एक, हे कोणी विचारलं नाही पण सांगते. दोघांना मिळून एकच बार असेल तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकून थांबतो आणि शेजारच्या पोरापुढे भली मोठी फट राहते. अशा ठिकाणी ऑपरेटरला विचारा, लाजू नका. गोल फिरणाऱ्या सीटमध्ये मोठ्या माणसाने बाहेरच्या बाजूला बसायचं, कारण फिरताना सगळे बाहेर ढकलले जातात आणि तुम्ही आत बसलात तर तुमचं वजन पोराच्या अंगावर येतं.

प्रश्न: मोठा नऊ वर्षांचा, त्याला सगळं हवं. धाकटी चार वर्षांची, तिला काहीच नको. दोघांपैकी एक जण कायम रडत असतो.

उत्तर: बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये यासाठी सोय असते, डिस्नेच्या पार्कमध्ये तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलच्या काही पार्कमध्ये चाइल्ड स्वॅप. एक पालक मोठ्याबरोबर जातो, दुसरा धाकटीजवळ थांबतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. तुमच्या पार्कमध्ये आहे का ते आत शिरतानाच विचारा. आणि मोठ्याला सांगा की बहिणीला "भित्री भागूबाई" म्हणायचं नाही. त्यापेक्षा त्यालाच काम द्या, उतरल्यावर राईडमध्ये नक्की काय काय झालं ते तिला सांगायचं. तुमच्यापेक्षा त्याचं ती जास्त ऐकेल, पण आधी त्याला तिखटमीठ न लावता सांगायला तयार करावं लागेल, ते सोपं नाहीये.

प्रश्न: आमचा मुलगा वेगाला घाबरत नाही, पण अंधारातल्या राईडमध्ये आणि मोठ्या आवाजाला घाबरतो. मागे एकदा आत गेल्यावर किंचाळायलाच लागला, बाहेर येईपर्यंत आम्ही हतबल.

उत्तर: तीन ते सहाच्या वयात अंधार आणि राक्षस-बिक्षस यांची भीती अगदी नॉर्मल आहे, समोरचं खरं की खोटं हे अजून नीट ठरवता येत नाही ना. पार्कवाले "सगळ्या कुटुंबासाठी" लिहितात ते वेगाबद्दल असतं बऱ्याचदा, आत अचानक काय अंगावर येतं ते त्यात लिहिलेलं नसतं, म्हणून तुमच्यापैकी एकाने आधी जाऊन यावं. आवाजासाठी मुलांचे कान झाकणारे इअरमफ मिळतात, ते घेऊन जा, पण राईडच्या वेळी सैल वस्तू चालतात का ते विचारून मगच.

आत गेल्यावर सुरू झालंच तर त्याला सीटवरून उचलून मांडीवर घ्यायचा मोह होईल, तो आवरा, तिथेच खरा धोका असतो. हात धरा, त्याच्याकडे वळा आणि हळू आवाजात एकच वाक्य परत परत म्हणा, "मी इथे आहे, डोळे मीट, आता संपेल." समजावून सांगायची ही वेळ नाही, तेव्हा लांब वाक्यं ऐकूच येत नाहीत. बाहेर आल्यावर लगेच "एवढं काय त्यात" नको. पाणी द्या, बसा, त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, परत त्याच राईडचा विषय त्या दिवशी काढू नका.

प्रश्न: मी आजी आहे, नातीला घेऊन जायचंय पण मला स्वतःलाच भीती वाटते. माझं बघून तीपण घाबरेल का?

उत्तर: घाबरू शकते, आजी. 1985 साली छापलेला एक प्रयोग आहे, वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर सोडलं, काचेखाली पुढे थोडा खड्डा दिसायचा, आणि पलीकडे आई उभी. आईने हसरा चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 बाळं ओलांडून गेली, घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. तुमची नात वर्षाची नाही, पण अडल्यावर ती तोंडाकडे बघणारच.

पण म्हणून उसनं हसू आणायची गरज नाही, मुलं ते बरोबर ओळखतात. "मला पण थोडी भीती वाटतेय, मी बार घट्ट धरणारे आणि जोरात ओरडणारे" असं म्हटलं की तिला भीती वाटली तर काय करायचं ते आयतं कळतं. झुलणारी बोट असेल तर मधल्या सीटवर बसा, टोकाला झोका सगळ्यात मोठा असतो. कोस्टरमध्येही मधला डबा बरा, शेवटचा डबा उतारावर हिसका देऊन ओढला जातो. आणि ब्लडप्रेशर, पाठ, मान, असं काही दुखणं असेल तर गेटवरची पाटी नीट वाचा आणि सरळ बसूच नका. बाहेर कुठे उभ्या राहणार ती जागा नातीला आधी दाखवून ठेवा म्हणजे ती फेरी फिरताना तुम्हाला शोधेल. फक्त एक आहे, बाहेर थांबणाऱ्याकडे सगळ्यांच्या पिशव्या, चष्मे आणि मोबाईल जमा होतात, तेव्हा बाकडं बघूनच जागा निवडा.