चाल जुळतेय? आधी सरगम लिही
तुझी नवी चाल एखाद्या जुन्या गाण्यासारखी वाटतेय? 'दुसऱ्याच्या गाण्यातून सात सेकंदांपर्यंत उचललं तर चालतं' हे डोक्यातून काढ. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सूट कुठेच नाही. २००८ साली 'क्रेझी ४' या हिंदी चित्रपटातल्या गाण्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने संगीतकार राम संपत यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. त्यांच्या चालीतून उचललेला भाग छोटाच होता, पण चालीचा जीव त्यातच होता. म्हणून तुझी आणि ती जुनी, दोन्ही चाली एकाच पट्टीत आणून सरगम लिही, मुखड्यासमोर मुखडा ठेव. नुसता राग किंवा ठेका सारखा असेल तर घाबरू नकोस, ते सगळ्यांचे. स्वरांचा क्रम आणि ठहराव (चाल कुठे थांबते ते) दोन्ही जुळले, तर मात्र चालच बदल. पट्टी किंवा लय बदलून सुटका होत नाही. पहिल्या गुणगुणण्यापासूनची सगळी रेकॉर्डिंग तारखेसकट जपून ठेव, वाद झालाच तर वकील आधी तीच मागेल.